फाटकाखाली काहीही नाही

गेरशोम कपाम्ब्वेला ओळखत नाही असा माणूस आमच्या चिसेंगात सापडायचा नाही. पण त्याच्या हातचं पाणी बिनधास्त पिणारी माणसं शोधायला गेलात तर चार-पाच मिळतील. त्यातली मी एक. त्याच्या फाटकाबाहेर वितुम्बुवा, म्हणजे पिठाचे गोड वडे, तळण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. पीठ भिजवायला पाणी त्याच्याच बादलीतलं घेते आणि अजून धडधाकट आहे. गुडघे तेवढे दुखतात, पण त्यात गेरशोमचा काही हात नाही.

तो आमच्या स्टेडियमचा फाटकवाला. स्टेडियम खाणीने बांधलं, खाण भरात होती तेव्हा. आता खाण अर्धीमुर्धी चालते, रंग उडालाय, मैदानाच्या एका कोपऱ्यात गवतच उगवत नाही. पण आमचा संघ, चिसेंगा युनायटेड, अजून देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये खेळतो. खेळतो म्हणजे काय, लटकून असतो. बाकीचं जग गुणांचा तक्ता वरून वाचतं, आम्ही खालून वाचतो.

फाटकाची गोष्ट अशी. पाहुणा संघ आमच्या मुख्य फाटकातून कधीही आत येत नाही. फार जुनी गोष्ट, गेरशोम कामाला लागायच्याही आधीची. पाहुण्यांचा एक गोलकीपर त्या फाटकातून चालत आला आणि पहिल्याच धावपळीत त्याची नडगी मोडली. झालं. फाटकाखाली औषध पुरलंय, असं पार राजधानीत, लुसाकापर्यंत पसरलं. औषध म्हणजे खोकल्याचं नव्हे, करणीचं. तेव्हापासून पाहुणे मागच्या बाजूने येतात. आधी कुंपण कापून यायचे, मग गेरशोम दर रविवारी चर्चहून आला की वाकून तार जोडत बसायचा. लीगने दंड लावला. संघ दंड भरतात आणि तरीही मागूनच येतात. शेवटी यंदा क्लबने तिथे भिंत बांधली आणि फुकट्यांनी चढू नये म्हणून वर बाटल्यांच्या काचा रोवल्या. पाहुणे आता बस भिंतीला खेटून लावतात, टपावर चढतात, काचांवर पोती टाकतात आणि आत उड्या मारतात. देशातले नामांकित खेळाडू, पण पेरू चोरायला आल्यासारखे.

आणि या सगळ्याचं खापर गेरशोमच्या डोक्यावर. फाटक त्याचं, म्हणजे औषधही त्याचंच. चोर सोडून संन्याशाला फाशी! हा माणूस चर्चचा वडील, म्हणजे पंचांपैकी एक आहे, रविवारी दानाची थाळी फिरवतो, बिअरला शिवत नाही. एकदा वैतागून त्याने काय केलं, भर सामन्याच्या दिवशी कुदळ घेतली आणि पाहुण्यांच्या देखत फाटकाखाली गुडघाभर खड्डा खणला. "बघा, या, हात घालून बघा," म्हणाला. "माती आहे, गांडुळं आहेत, दुसरं काही नाही."

पाहुण्यांनी दुरूनच खड्डा पाहिला आणि त्यांच्यातला एक म्हणाला, "म्हणजे काल रात्रीच काढून दुसरीकडे हलवलंस होय?" आणि सगळे भिंतीकडे गेले.

मी त्याला म्हटलं, "बाशी चोम्बा, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलंत तरी वाकडंच राहायचं. कशाला कंबर मोडून घेता?"

"खरं ते सांगायला नको का, बाना साम्पा?" तो म्हणाला आणि खड्डा बुजवायला लागला.

आमच्याकडे पहिल्या लेकराच्या नावाने आईबापाला हाक मारतात. बाशी म्हणजे बाप, बाना म्हणजे आई. त्याचा चोम्बा, माझी साम्पा. क्लबचे अध्यक्षही त्याला मोठ्या प्रेमाने बाशी चोम्बा म्हणायचे आणि कानात सांगायचे, "अहो, नाही नाही काय म्हणत सुटता? घाबरू देत की त्यांना. ती भीती आपला बारावा खेळाडू आहे." अध्यक्षांचं काय जातंय? त्यांच्या बायकोला कुणी विहिरीवर ओळ सोडून पुढे जाऊ देत नाही, भीतीने. गेरशोमच्या बायकोला देतात. ती बिचारी सगळ्यांच्या शेवटी जाऊन उभी राहते, तरी तिच्यापुढची रांग विरघळते.

त्यांचा एकुलता एक चोम्बा याच मैदानावर मोठा झाला. डाव्या पायाने असा चेंडू मारायचा की बघत राहावं. आमच्या क्लबने त्याला घेतलं नाही. मांत्रिकाचं पोरगं संघात घेतलं तर लीगवाले चौकशी करतील, असं अध्यक्ष म्हणाले. म्हणजे औषधाची भीती हवी, पण औषधवाल्याचं पोर नको. मग चोम्बा लुसाकाला गेला, दोन वर्षं कुठल्याशा गॅरेजमध्ये टायर काढत खालच्या लीगमध्ये खेळला आणि यंदा हॉर्नबिल्सने त्याला उचललं. हॉर्नबिल्स म्हणजे वरच्या चारांतला संघ. गेरशोमने ती बातमी रेडिओवर ऐकली त्या दिवशी माझ्याकडून टोपलीभर वितुम्बुवा घेतले आणि रस्त्यावरच्या पोरांना वाटले. निम्म्या पोरांनी खाल्ले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

हंगामाचा शेवटचा सामना आमच्याकडे आला, तो नेमका हॉर्नबिल्सशी. आम्ही जिंकलो तर वरच्या लीगमध्ये राहणार, नाहीतर खाली. सगळं गाव त्या काळजीत, आणि गेरशोमच्या मनात भलतंच. त्याला एवढंच हवं होतं, की आपल्या पोराने आपल्या फाटकातून आत यावं. आठवडाभर तो फाटकाच्या मागे लागला होता. बिजागऱ्यांना तेल दिलं, गंज घासला. शुक्रवारी त्याने माझ्या देखत, स्पीकरवर टाकून, पोराला फोन लावला.

"चोम्बा, तू फाटकातून ये. बाकीचे जाऊ देत भिंतीवरून."

पलीकडून पोरगा हसला. बापाला तो आमच्याकडच्या रीतीने टाटा म्हणतो. "टाटा, ते माझ्या हातात आहे का? बस जिथे थांबेल तिथे मी उतरणार."

"सगळ्यांच्या नंतर ये. एकटाच ये."

"एकटा आलो ना, तर मला कायमचं घरी बसवतील. तुम्हाला माहीत नाही का? आधीच मला विचारतात, तुझा बाप तोच ना म्हणून."

गेरशोमने फोन खिशात टाकला आणि बराच वेळ फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिला. मला त्याची दया आली, रागही आला. म्हातारपणी माणसाने इतकं लहान काहीतरी मागावं आणि तेही मिळू नये.

शनिवारी सकाळी मी जागा धरायला लवकर गेले, तर मागच्या बाजूने ठाकठूक ऐकू आली. जाऊन पाहिलं तर गेरशोम शिडीवर. हातात छिन्नी आणि हातोडा, भिंतीवरच्या काचा उडवतोय.

"हे काय? अध्यक्षांनी पाहिलं तर तुमचीच छिन्नी तुमच्या डोक्यात मारतील."

"थोडीच काढतोय. माणूस जाईल एवढी." तो धापा टाकत होता. "पोती सरकतात हो, बाना साम्पा. मागच्या महिन्यात एकाचा तळवा चिरला. माझ्या पोराचं सगळं पायावर आहे."

मी शिडी धरली. दुसरं काय करणार? दोन हात लांबीची जागा त्याने गुळगुळीत केली. खाली उतरून काचा गोणीत भरल्या. आणि मग, या माणसाची सवय मेली अशी की जिथे काम केलं तिथे कचरा ठेवायचा नाही, त्याने झाडू आणला आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंची जमीन लख्ख झाडून काढली. वर पाणीही शिंपडलं.

मी तिथेच उभी होते. माझ्याही डोक्यात आलं नाही. जन्म याच गावात गेला, वाटेत मध्येच झाडून-शिंपडून ठेवलेली जागा दिसली की आमची शेंबडी पोरंसुद्धा वळसा घालून जातात. औषध ठेवणारा आधी जागा झाडतो, हे आईच्या दुधाबरोबर शिकलेलो आम्ही. पण आमच्या दोघांच्या डोळ्यांसमोर तेव्हा फक्त चोम्बाचा पाय होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुपारी हॉर्नबिल्सची बस आली. मी टोपली घेऊन मागे गेले. धंद्यासाठी नाही, चोम्बाला बघायला. खांद्याने रुंद झाला होता. मला पाहून त्याने दोन्ही हातांनी टाळी वाजवून वाकून नमस्कार केला, शहरात जाऊनही विसरला नव्हता. बसच्या टपावर चढल्या चढल्या त्याला ती मोकळी जागा दिसली आणि त्याचा चेहरा उजळला.

"इथून चढू या. इथे काच नाही," तो मोठ्याने म्हणाला. "माझ्या वडिलांनी काढलेली दिसते."

तेवढं शेवटचं वाक्य गिळलं असतं तर! पण खरं बोलायची खोड बापाकडूनच आलेली.

टपावरचे सगळे जागच्या जागी थबकले. त्यांचा मॅनेजर, सिलुम्बे नावाचा जाडजूड माणूस, भिंतीपलीकडे वाकला. खाली झाडलेली, ओली जमीन. त्याने मागे सरून छातीवर हात ठेवला.

"अरे देवा. बघा, बघा रे. झाडलंय. शिंपडलंय. आणि हा म्हणतो इथून चढा!"

"नाही हो बॉस, ते नुसतं—"

"नुसतं काय? बाप तिथे पेरतो, पोरगा आम्हाला शेतात नेतो?" सिलुम्बेने ड्रायव्हरला ओरडून बस दहा पावलं पुढे घ्यायला लावली. तिथे काचा होत्या, उन्हात चमचम करत. "आता तू पहिला चढ. काही असेल तर तुझ्यावर जाईल."

पोतं टाकलं. चोम्बा चढला. पोतं सरकलं. मी हे काही भविष्य सांगत नाही, पोतं सरकणारच होतं, सकाळी गेरशोमने सांगितलंच होतं. चोम्बा पलीकडे पडला तो एका पायावर, आणि उठला तेव्हा डाव्या बुटातून रक्त येत होतं. काच घोट्याच्या वर खोल गेली होती. मी भिंतीच्या या बाजूला होते, मला फक्त त्याचं ओरडणं ऐकू आलं, बाकीचं नंतर कळलं. "मायो!" म्हणून ओरडला, आईच्या नावाने. मग मी गुडघ्यांची पर्वा न करता पुढच्या फाटकाकडे धावले.

गेरशोम फाटकात उभा होता, दोन्ही दारं सताड उघडी टाकून. मी सांगितलं तेव्हा त्याने मला दोनदा विचारलं, "कुठून चढला?" आणि मी सांगितल्यावर फाटकालाच धरून खाली बसला. पोराजवळ जायचीही सोय नव्हती. तो जवळ आला असता तर पाहुण्यांनी सामनाच सोडला असता.

सामन्याचं काय सांगू? चोम्बा पाय बांधून कडेला बसला. हॉर्नबिल्सची पोरं आधीच अर्धी हरलेली, प्रत्येक जण पायाखाली बघत पळत होता. आमच्या एका बचावपटूच्या डोक्याला लागून चेंडू कसा कोण जाणे त्यांच्या गोलमध्ये गेला, त्यालाही मागाहून कळलं. एक-शून्य. आम्ही वाचलो. ढोल, शिट्ट्या, बायकांचं जीभ फिरवत उलुलु ओरडणं, सगळी झुंबड फाटकाकडे आली आणि त्यांनी गेरशोमला खांद्यावर घेतलं.

"बाशी चोम्बा! मानलं! स्वतःच्या पोरालासुद्धा सोडलं नाही!"

"याला म्हणतात गावावरचं प्रेम!"

मी ओरडून सांगत होते, अरे मूर्खांनो, त्याला खाली उतरवा. कोण ऐकतं? त्यात तोंड उघडून हसणारे अध्यक्षही होते. गेरशोम त्यांच्या खांद्यांवर हेलकावत होता आणि लोकांच्या डोक्यांवरून मागच्या भिंतीकडे बघत होता. एका वळणावर त्याने एकाच्या डोक्याला धरून अंग टाकलं आणि खाली उतरला. मी त्याच्या मागे गेले.

पाहुण्यांची बस सुरू होती. चोम्बा बसच्या पायरीवर, पाय पुढे करून बसलेला, आणि सिलुम्बे त्याच्यासमोर उभा.

"सोमवारी सरावाला यायचं नाही. तुझं सामान गेटवर ठेवलेलं असेल. लीगला पण कळवणार आहे मी. बघू कुठला संघ घेतो तुला."

"बॉस, मी खेळलोच नाही, माझाच पाय कापला—"

"म्हणूनच! औषधाला रक्त लागतं. बापलेकांनी मिळून हिशोब केलात तुम्ही."

हरायचं स्वतःच्या भित्रेपणामुळे आणि वड्याचं तेल वांग्यावर काढायचं. मला वाटलं आता गेरशोम सांगेल. छिन्नी, गोणी, काचा, सगळं. मी साक्षीला होते, मी बोलायला पुढे सरसावलेही. पण त्याने हात आडवा करून मला थांबवलं.

"साहेब," तो म्हणाला. "मी केलं ते."

सिलुम्बे गर्रकन वळला.

"भिंतीवर औषध मी ठेवलं. पोराला काही ठाऊक नाही. त्याला वाटलं बापाने काच काढली. मी त्यालाही फसवलं."

"टाटा!" चोम्बा उठायला गेला.

"मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालू नकोस," गेरशोम त्याच्यावर खेकसला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचा तसा आवाज ऐकला. "बस खाली."

सिलुम्बेने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चर्चचा वडील आहेस म्हणे तू. देवाचं नाव घेऊन सांग."

मी म्हटलं, "बाशी चोम्बा, नको." त्याने टोपी काढली. टक्कल घामाने भिजलं होतं. त्याने उजवा हात वर केला आणि देवाचं नाव घेऊन तो खोटं बोलला, स्पष्ट, एकही शब्द न अडखळता.

चोम्बा बापाकडे बघत होता. त्याला सगळं कळत होतं. तो बोलू शकला असता. बोलला नाही. मी त्याला लहानपणापासून भरवलंय, पण त्या क्षणी त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. मग वाटलं, बोलून तरी काय झालं असतं? दोघंही बुडाले असते.

सिलुम्बेने पायरीवरच्या त्या बांधलेल्या पायाकडे पाहिलं. डावा पाय असा रोज मिळत नाही, हे त्यालाही माहीत होतं. "ठीक आहे," तो म्हणाला. "पोरगा राहील. पण एक ऐक, म्हाताऱ्या. याने पुन्हा तुझ्या उंबऱ्यात पाऊल टाकायचं नाही. तुझ्या घरचा घास याच्या पोटात गेला असं कळलं, तर त्याच दिवशी बाहेर."

"बरं," गेरशोम म्हणाला.

असं सहज म्हणाला, कुणी फाटक बंद करायला सांगावं तसं. बस निघाली. चोम्बाने खिडकीतून हात बाहेर काढला, पण हलवला नाही.

परतताना ऊन उतरलं होतं. गाव ढोल वाजवत होतं. वाटेत भेटणारा जो तो गेरशोमला हात जोडत होता आणि चार हात लांबून जात होता. मला राहवलं नाही.

"चर्चमध्ये काय सांगाल उद्या?"

"काय सांगणार? थाळी काढून घेतील. प्रभुभोजनाला बसू देणार नाहीत." तो थकून गेला होता, पाय ओढत होता. "बाना साम्पा, इतकी वर्षं मी खरं सांगत आलो. खड्डा खणून दाखवला. एकाने विश्वास ठेवला नाही. आज एकदाच खोटं बोललो, तर बघा, कसं चटकन पटलं सगळ्यांना."

मी टोपली या हातातून त्या हातात घेतली.

दारात त्याची बायको उभी होती. गावातली बातमी माणसाच्या आधी घरी पोचते, तशी तिच्यापर्यंत पोचली होती. तिने रडारड केली नाही. नवऱ्याच्या हातावर पाणी घालायला तांब्या घेऊन आली.

"पाय कसाय?"

"टाके पडतील. बरा होईल."

"संघात ठेवतील ना?"

"ठेवतील. मी बोललो तसं."

तिने सुस्कारा सोडला. "देव पावला. तुम्ही केलंत ते बरंच केलंत. लोक तसंही बोलतच होते." मग आत वळता वळता म्हणाली, "कोंबडी कापली होती मी. बस मुक्कामाला थांबली असेल, तर उद्या सकाळी जाताना यायला सांगितलंत का त्याला? की पुढच्या महिन्यात येतोय?"

गेरशोमच्या हातावरचं पाणी गळत राहिलं. दिवसभरात एकदा खोटं बोलला होता, दुसऱ्यांदा त्याला जमलं नाही.

"आता नाही येणार, बाना चोम्बा. आपल्या घरी नाही. आपल्या हातचं खायचं नाही, असं ठरलंय. मी हो म्हणालो."

मग तिने तांब्या खाली ठेवला.

"तुम्ही हो म्हणालात?"

"हो म्हणालो."

"मग वाचवलंत कुणासाठी त्याला?"

तिने परत विचारलं, या वेळी माझ्याकडे बघून, जसं काही मला ठाऊक असेल. मी मान खाली घातली. आतून कोंबडीच्या रश्श्याचा वास येत होता. मला आत या म्हणायचं दोघांनाही सुचलं नाही, आणि मीही थांबले नाही.